निषेधाचे खलिते आणि सरंजामाची सनद

राजकीय इतिहासाचे अभ्यासक लढाया आणि तह यांच्याकडे जितके लक्ष देतात, तितके दोन सरकारांमधील निषेधाच्या खलित्यांकडे देत नाहीत. त्याचे कारण उघड आहे. लढाईचा निकाल लागतो, तहावर शिक्के उमटतात. खलित्यास मात्र उत्तर येते, उत्तरास प्रत्युत्तर जाते, आणि ज्या प्रदेशाविषयी हे सारे लिहिणे चालते तेथील धरपकड व गोळीबार पूर्ववत् चालू राहतो. गोव्याच्या मुक्तिसंग्रामाचा जो इतिहास मराठीत लिहिला गेला, त्यातही सत्याग्रहींच्या आठवणी, तुरुंगातील हालअपेष्टा आणि १९६१ ची लष्करी कारवाई यांचे वर्णन विपुल आढळते. १९५० पासून सुमारे ११ वर्षे दिल्ली आणि लिस्बन यांच्यामध्ये जो कागदी झगडा चालला, तो बहुधा एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या कागदांकडेच वळू इच्छितो. या झगड्याचा जो एक भाग न्यायासनापुढे गेला, तेथील वाद एका मराठी शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपला होता, आणि तो शब्द इंदूरच्या वाचकास परका नाही.

पहिला महत्त्वाचा कागद २७ फेब्रुवारी १९५० चा. भारत सरकारने त्या दिवशी लिस्बनला एक टिपण पाठवून हिंदुस्थानातील पोर्तुगीज वसाहतींच्या भवितव्याविषयी वाटाघाटी सुरू कराव्या अशी विनंती केली. भाषा सौम्य होती. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावी नागरी स्वातंत्र्याची हाक दिल्यापासून गोव्यात जी धरपकड झाली, जी माणसे पोर्तुगालमधील किल्ल्यांत नेऊन कोंडण्यात आली, त्यांची वेदना त्या टिपणाच्या सुरात शोधूनही सापडत नाही. जूनमध्ये उत्तर आले ते असे की, गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच अवयव आहे, आणि स्वतःच्या अवयवाविषयी कोणी दुसऱ्याशी वाटाघाटी करीत नसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे उत्तर आले तेव्हा खुद्द पोर्तुगालच्या कायद्यात या प्रदेशांस वसाहत असेच म्हटलेले होते. १९३० चा जो मूळ कायदा तेथे प्रचलित होता, त्याचे नावच ‘वसाहतींचा कायदा’ असे होते. ही विसंगती सालाझार यांच्या सरकारच्या लक्षात आली असली पाहिजे. ११ जून १९५१ रोजी त्यांनी राज्यघटना दुरुस्त केली आणि ‘वसाहत’ हा शब्द काढून ‘सागरपार प्रांत’ हा शब्द बसविला. पाटी बदलली; पाटीमागचे घर, घरमालक आणि कोठडीतील कैदी तेच राहिले. योगायोगाने यानंतर बरोबर दोन वर्षांनी, ११ जून १९५३ रोजी, भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. प्रदेशाचे सरळ हस्तांतरण या विषयावर बोलावयासच दुसरा पक्ष तयार नसेल, तर वकील ठेवण्यात हशील नाही, अशी भारताची भूमिका होती.

पोर्तुगालने मात्र दिल्लीतील आपली वकिलात बंद केली नाही. त्यामुळे पुढील दोन वर्षे खलित्यांची ने-आण दिल्लीतूनच होत राहिली. या दोन वर्षांतच अशांतता शिगेस पोहोचली, आणि निषेधांची संख्याही.

या काळातील खलित्यांचा विषय एकच असे, पण दोन्ही बाजू एकमेकांस जणू भेटतच नसत. पोर्तुगाल म्हणे, आमच्या प्रांतात अशांतता नाही. जी आहे ती सीमेपलीकडून आणलेली आहे. भारत सशस्त्र टोळ्यांस आश्रय देतो, आमच्या माणसांची व मालाची ये-जा अडवितो. भारत म्हणे, अशांतता परकी राजवटीच्या पोटातून उपजलेली आहे; तुम्ही निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडता, त्यांना देशापार करता, आमच्या नागरिकांस अमानुषपणे वागविता. एकाचा निषेध प्रांतातील आगंतुकांविषयी, दुसऱ्याचा वसाहतीतील प्रजेविषयी. ज्या वस्तूविषयी भांडण, तिच्या नावावरच एकमत नसल्यावर पुढचा प्रत्येक युक्तिवाद हवेतच राहणार.

हा शब्दांचा झगडा कागदावर ज्यांनी चालविला त्यांना त्याची किंमत द्यावी लागली नाही. ज्याने तो तोंडाने केला त्याला द्यावी लागली. म्हापशाचे शल्यचिकित्सक डॉ. पुंडलीक गायतोंडे हे फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीस गेले असता, गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचे भाषण त्यांच्या कानी पडले. त्यावर ते ‘मी निषेध करतो’ एवढेच म्हणाले. त्यांना अटक करून लिस्बनला नेण्यात आले. सरकारांचे निषेध पानोपानी भरत होते, आणि एका डॉक्टराचे एवढेसे वाक्य एका राजवटीस सोसवले नाही.

ऑगस्ट १९५४ मधला एक प्रसंग जरा सविस्तर सांगावयास हवा, कारण त्यात खलित्यांनी काही साधेल अशी आशा क्षणभर निर्माण झाली होती. १५ ऑगस्टला मोठ्या संख्येने सत्याग्रही गोव्यात शिरणार अशी हवा होती. त्या सुमारास पोर्तुगालने अशी सूचना केली की, निःपक्षपाती परकी निरीक्षक आणून काय चालले आहे ते त्यांनीच पाहावे. भारताने ही सूचना तत्त्वतः लगोलग मान्य केली. मग प्रश्न निघाला, निरीक्षकांनी पाहावयाचे काय? पोर्तुगालला सीमेवरील हालचाली दाखवावयाच्या होत्या. भारताला गोव्याच्या आतली स्थितीही त्या पाहणीत यावी असे वाटत होते. पत्रे झाली, उत्तरे झाली, आणि निरीक्षक काही आले नाहीत. आमच्या मते यात दोहोंपैकी एकाच पक्षास दोष देणे सोपे असले तरी अपुरे आहे. भारतालाही स्वतःच्या बाजूची एक अडचण होती. १५ ऑगस्ट १९५४ रोजी त्याने बिगरगोमंतकीय सत्याग्रहींस सीमा ओलांडू दिली नाही. आल्फ्रेड आफोन्सो यांच्यासारख्या गोमंतकीयांनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढविला, तो थोडक्या माणसांच्या बळावर. सरकार एका हाताने निषेध लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने आपल्याच माणसांस आवरीत होते.

पुढील वर्षी तो हात सैल झाला. पुण्याच्या गोवा विमोचन साहाय्यक समितीने तुकड्यामागून तुकड्या पाठविल्या. १८ मे १९५५ रोजी सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांनी सीमा ओलांडली. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी एप्रिलमध्ये, महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी सुधाताई जोशी म्हापशास नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या व पकडल्या गेल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही एकाच वेळी अनेक वाटांनी आत शिरले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसाहून अधिक माणसे ठार झाली. पत्रादेवीच्या बाजूस पडलेल्यांत उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ होते. सागरच्या सहोद्राबाई राय गोळ्या लागून जखमी झाल्या. १९५७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून गेल्या. उज्जैन तेव्हा आमच्याच मध्यभारत राज्यात होते, आणि सागर ही गोविंदपंत बुंदेल्यांची सागर. माळव्यातील व बुंदेलखंडातील माणसे कोकणच्या टोकाशी जाऊन गोळ्या झेलतात, याचे कारण ‘प्रांत’ आणि ‘वसाहत’ या वादातील कोणत्याही खलित्यात लिहिलेले नाही.

या गोळीबारानंतर संबंध तुटले. दिल्लीतील पोर्तुगीज वकिलात ऑगस्टच्या प्रारंभीच बंद करावयास लावण्यात आली होती. १ सप्टेंबर १९५५ रोजी गोव्यातील भारतीय वाणिज्यदूताची कचेरीही बंद झाली. त्याच महिन्यात भारत सरकारने सामुदायिक सत्याग्रहासही मनाई केली. यापुढे पोर्तुगालचे हितसंबंध भारतात ब्राझीलने पाहावे आणि भारताचे तिकडे इजिप्तने, अशी व्यवस्था झाली. म्हणजे पणजीच्या तुरुंगातील एखाद्या माणसाविषयी दिल्लीस काही म्हणावयाचे झाल्यास ते कैरोमार्गे म्हणावे लागे.

याच सुमारास तिसऱ्याच एका राजधानीने या शब्दांच्या झगड्यात भर घातली. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांनी संयुक्त पत्रक काढले. त्यात पोर्तुगालचा आवडता ‘प्रांत’ हाच शब्द होता. बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह त्याच दिवसांत भारतात फिरत होते आणि गोवा ही वसाहत आहे असे सभांतून सांगत होते. एवढ्याशा प्रदेशाचे नाव काय, यावर जगातील दोन प्रबळ सत्ता दोन बाजूंस उभ्या राहिल्या. दिल्लीने वॉशिंग्टनकडे खुलासा मागितला. डलेस यांनी आपला शब्द मागे घेतला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येऊ. गोव्याच्या उत्तरेस दमण, आणि दमणपासून आत, चहूंकडून भारताच्या भूमीने वेढलेले दादरा आणि नगरहवेली हे दोन तुकडे. जुलै १९५४ मध्ये गोमंतकीय व महाराष्ट्रीय स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. दादरा २२ जुलैला गेले, सिल्वासा २ ऑगस्टला पडले. या स्वयंसेवकांत सुधीर फडके होते हे वाचकांस ठाऊक असेलच. दमणहून माणसे व फौज तिकडे नेण्यास पोर्तुगालने वाट मागितली. भारताने ती नाकारली. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले, १९ डिसेंबरला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला, आणि तीनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारतावर फिर्याद गुदरली. आपल्या भूमीकडे जाणारी वाट अडविली, हा तक्रारीचा आशय.

पण ही भूमी ‘आपली’ कशावरून? पोर्तुगालने पुढे केला तो १७७९ चा पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदा. सवाई माधवरावांचे ते दिवस. कारभार नाना फडणिसांचा. इंग्रजांशी युद्ध चालू, आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांस मिळू नये ही पुण्याची निकड. त्या तहात पोर्तुगीजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे कलम होते. पोर्तुगालचे म्हणणे, त्या कलमाने गावांचे स्वामित्वच आम्हास मिळाले. भारताचे म्हणणे, मिळाला तो सरंजाम. महसूल तुमचा, राज्य पेशव्यांचे. भारताची बाजू अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली; न्यायासनावर भारतातर्फे न्यायमूर्ती छागला बसले होते. पुणे दरबारच्या कारकुनांनी मोडीत उतरविलेले शब्द पावणेदोनशे वर्षांनी नेदरलंडमध्ये पंधरा न्यायाधीशांपुढे वाचले जावेत, त्यांच्या भाषांतरांतील भेदांवर विद्वानांनी वाद घालावा, हा मराठी भाषेच्या इतिहासातला एक विलक्षण प्रसंग आहे. आमच्या भाषेच्या अभ्यासकांनी त्याची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतली नाही, असे आम्हास वाटते.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल झाला. तहाच्या अर्थाविषयी न्यायालयाने भारताचे म्हणणे उचलून धरले. मराठ्यांना जेथे स्वामित्व द्यावयाचे असे तेथे ते तशा अर्थाचे निःसंदिग्ध शब्द घालीत. येथे तसे शब्द नाहीत. येथे आहे ती जहागीर, सरंजाम. सरंजाम देणे ही हिंदुस्थानात नित्याची गोष्ट होती, आणि असे देणे म्हणजे राज्यच देणे असा अर्थ कोठे झाल्याचे एकही उदाहरण दाखविण्यात आलेले नाही. पोर्तुगालने आणखी एक मुद्दा काढला होता. गावांत बंड झाल्यास ते मोडण्याचा अधिकार आम्हास दिला होता, तेव्हा आम्ही स्वामीच ठरतो. न्यायालयाने हा मुद्दा त्यांच्यावरच उलटविला. जो स्वतः राजा आहे त्याला आपल्या राज्यातील बंड मोडण्याची परवानगी कोणी कशाला लिहून देईल? परवानगी दिली याचाच अर्थ, बंड मोडावयाचे ते पेशव्यांच्या वतीने, पेशव्यांचे सेवक म्हणून.

इंदूरच्या वाचकास येथे थोडे हसू येणे शक्य आहे. सरंजामाचे राज्य झाल्याचे एकही उदाहरण नाही? मग हे शहर ज्यांच्या राजवाड्याभोवती वाढले ते होळकर कोण? मल्हाररावांकडे माळव्याचे जे महाल आले ते पेशव्यांकडून सरंजाम म्हणूनच आले. गौतमाबाईंच्या नावे १७३४ मध्ये जी खासगी मिळाली तीही देणगीच. परंतु बारकाईने पाहिले तर इंदूरचे उदाहरण न्यायालयाच्या विधानास बाध आणीत नाही, उलट त्यास बळकटी देते. होळकरांचे राज्य सनदेतील शब्दांमुळे झाले नाही. तलवारीने, अहल्याबाईंच्या कारभाराने आणि पुण्याच्या दुबळेपणाने ते वाढले; आणि महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरच्या तहात कंपनीने होळकरांशी स्वतंत्र करार केला, तेव्हा पेशव्यांशी असलेला तो जुना धागा कायमचा तुटला. सरंजामाचे राज्य झाले ते मागाहून आलेल्याने तसे मानल्यामुळे.

आणि नगरहवेलीचेही नेमके तेच झाले, असे न्यायालय पुढे म्हणते. त्यामुळे निकालाचा दुसरा भाग भारतास तितका सुखाचा नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रज त्या मुलखाचे धनी झाले. त्यांना त्या गावांत पोर्तुगीजांचा पूर्ण अंमल दिसला, आणि त्यांनी हरकत घेतली नाही. वर्षामागून वर्षे गेली. इंग्रजांच्या मुकाटपणाने सरंजामाचे स्वामित्व झाले, आणि त्यांच्यामागून आलेल्या स्वतंत्र भारतानेही ते न बोलता मान्य केले, असा न्यायालयाचा निष्कर्ष आहे. मौन हे संमतीचे लक्षण, हे आपले जुने वचन आंतरराष्ट्रीय कायद्याने असे उचलून धरले. १९५० च्या त्या सौम्य टिपणाकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. ‘तुमच्या वसाहती आमच्या हवाली करा’ अशी मागणी करणारा, त्या आज तुमच्या आहेत हे न कळत कबूल करतो. १८१८ नंतर एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याने पेशव्यांचे दफ्तर उघडून, ही गावे सरंजामाची आहेत, आमचा हक्क आम्ही राखून ठेवतो, असा चार ओळींचा खलिता गोव्यास धाडला असता आणि पुढच्यांनी तो अधूनमधून उगाळला असता, तर हेगमध्ये पोर्तुगालचे पाऊल फारसे पुढे पडले नसते. निषेधाच्या खलित्याने गोळी थांबत नाही हे खरेच. पण न पाठविलेला खलिता शंभर वर्षांनी विरुद्ध पक्षाच्या हाती पुरावा म्हणून सापडतो.

शेवटी न्यायालयाने प्रश्नाची वाटणी केली. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाट मिळण्याचा पोर्तुगालचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला, कारण ती वहिवाट दीर्घकाळ अखंड चालली होती. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्याविषयीचा हक्क ८ विरुद्ध ७ अशा एका मताने नाकारला गेला, कारण त्यांच्यासाठी पोर्तुगीज पूर्वापार दर खेपेस परवानगी मागत आले होते; आणि जो परवानगी मागतो तो हक्क सांगू शकत नाही. भारताने वाट अडवून कर्तव्यभंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. याचे कारण मोठे मार्मिक आहे. जुलै १९५४ मध्ये दादऱ्यातील सत्ता उलथल्यामुळे भोवतालच्या भारतीय मुलखात तणाव उत्पन्न झाला होता, आणि अशा स्थितीत वाट बंद ठेवणे हे भारताच्या अधिकारात बसते. ज्या अशांततेविषयी पोर्तुगाल इतकी वर्षे निषेध करीत होता, तीच त्याच्याविरुद्ध कामी आली.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातील पराधीन प्रदेशांची यादी ठरावात घातली, त्यात गोवा होता. ‘प्रांत’ हा शब्द तेथे चालला नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आले. आदल्या दिवशी सुरक्षा समितीत युद्धबंदीच्या ठरावास सात मते पडली होती. रशियाच्या नकाराधिकाराने तो ठराव बाद झाला.

गोवा मुक्त झाल्यावरही खलित्यांचा प्रश्न सुटला नाही. मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेलेले आणि बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात १९५५ मध्ये पकडले गेलेले मोहन रानडे त्या वेळी लिस्बनच्या तुरुंगात होते. त्यांना २६ वर्षांची शिक्षा होती. दोन्ही सरकारांमध्ये संबंध नसल्यामुळे त्यांच्यासाठी सरळ शब्द टाकावयास कोणी वकील उरला नव्हता. ते जानेवारी १९६९ मध्ये सुटले.

संबंध पुन्हा जुळले ते पोर्तुगालमध्ये एप्रिल १९७४ मध्ये राज्यक्रांती झाल्यावर. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत तह झाला. त्यावर पोर्तुगालतर्फे मारिओ सोआरिश यांनी आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगालने त्यात मान्य केले, आणि तेही ज्या ज्या तारखेस ते प्रदेश भारताच्या घटनेनुसार देशात सामील झाले त्या त्या तारखेपासून. नगरहवेलीच्या बाबतीत ती तारीख ११ ऑगस्ट १९६१ ही आहे. २ ऑगस्ट १९५४ ही नव्हे. स्वयंसेवकांनी सिल्वासा घेतल्यानंतर वरिष्ठ पंचायतीने सात वर्षे जो कारभार चालविला, तो त्या तारखेच्या अलीकडे राहतो.